उरलेला माल

कॉलनीचा रस्ता आमच्या वळणावर संपला
तेव्हा साडेतीन वाजले होते
आणि डंपरमध्ये माल उरला होता.
मुकादम बसवणप्पा फाटकाशी येऊन म्हणाला,
"काका, गार झाला की दगड होतोय ह्याचा.
दारापर्यंत ओढू का? डिझेलपुरतं द्या."

मी आयुष्यभर टॉवेल मोजले,
डझनाला बारा, तेराव्याला सही.
स्वस्ताचं मला लगेच पटत नाही.
तरी टेप आणली.
फाटक ते पायरी एकवीस फूट, रुंदी नऊ.
आतून नागमणी म्हणाली, "हो म्हणा की.
ह्या काळ्या मातीत चपला रुतून रुतून
माझी बोटं वाकडी झाली."

रोलर फाटकातून येईना.
मग धुम्मस आला,
आणि धुम्मसामागं सोमलीबाई, मुळेगावकडच्या तांड्यावरची,
पायांना गोणपाट बांधलेली.
खडीतून वाफ निघत होती,
आणि ती त्यावर अशी उभी
जशी आपण ओसरीत उभे राहतो.

"उतार कुठं द्यायचा?"
"रस्त्याकडं," मी म्हणालो.
"आमच्याकडं नको!" बोल्ली गच्चीवरून ओरडले.
लेव्हलची नळी दुसऱ्या गाडीत राहिलेली.
सोमलीबाईनं कमरेची बाटली काढली,
प्यायचं पाणी,
त्यातलं ओंजळभर दाबलेल्या डांबरावर सोडलं.
अर्धं चर्र करून उडालं.
उरलेलं थांबलं, विचार केला,
आणि बोल्लींच्या भिंतीकडं निघालं.
"हितं अजून दोन पाट्या."
पुन्हा धुम्मस, पुन्हा पाणी.
आता ते सरळ फाटकाकडं गेलं,
पहिल्या पाळीला निघाल्यासारखं.
बाटली रिकामी झाली होती.
हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ट्रक वळला होता.

निगा मी एकट्यानं शिकलो.
मे महिन्यात गाडीचा स्टँड लोण्यात गेल्यासारखा जातो,
त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा.
पुतण्याच्या रिक्षाचं ऑइल गळतं,
तेल डांबराला खातं,
तर आधी लाकडाचा भुसा, मग साबणाचं पाणी,
मग पुतण्याला चार शब्द.
खालची माती उन्हात फाटते
आणि तिची भेग वर केसासारखी दिसते.
बोट आत जाण्याआधी ती भरायची.
ब्रशनं धूळ झाडायची, हाताचा वास चार दिवस जात नाही,
वर चिमूटभर वाळू, मिठासारखी.

नागमणीला शेणसड्याचं वाईट वाटलं
सहा दिवस.
सातव्या दिवशी ती उकिडवी बसली,
दोन बोटांतून पांढरी रेघ सोडली
आणि तशीच बसून राहिली.
"काळ्यावर कसं उठतंय बघा."
मी सुताचे सगळे नंबर ओळखतो,
एवढं पांढरं पांढरं पाहिलं नव्हतं.

दरवर्षी उगादी झाली की
मी पायरीवरून तांब्या ओततो.
पाणी जातं. मी वहीत तारीख लिहितो.
सात वर्षं.

ह्या सात वर्षांत बाहेरचा रस्ता तीनदा खोदला,
ड्रेनेज, गॅस, आणि कसली तरी केबल.
तीनदा जुन्यावर नवा थर घातला.
"आधी खरवडा की," मी म्हणालो.
"खरवडायचं टेंडर वेगळं असतंय, काका."
आधी चार बोटं. मग वीत.
आता रिक्षा आत येताना
उतरल्यासारखी येते.

यंदा तांब्या ओतला.
पाणी फाटकापर्यंत गेलं,
थांबलं, विचार केला,
आणि माझ्या चपलेकडं परत आलं.
माझ्या डांबरावर एक भेग नाही.
मी दोनदा वाकून बघितलं.

बसवणप्पाच्या नंबरावर कुणी बाई उचलते,
राँग नंबर म्हणते, चांगल्या आवाजात.
सोमलीबाईचा नंबर मी विचारलाच नव्हता.

"दोन पाट्या लागतील," नागमणी पायरीवरून म्हणाली.
कुठं, ते तिनं सांगितलं नाही.
मी रिकामा तांब्या घेऊन
पुन्हा भरायला आत गेलो.